नंबर लागेल का?

भिलईच्या पोलाद-वसाहतीत, ज्या मराठी घरात बारावीचे मूल असते त्या घरात एक प्रश्न वर्षभर मुक्कामाला असतो : नंबर लागेल का? हा शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. नंबर लागतो तो रांगेत. शिधावाटपाच्या दुकानात तो लागतो, दवाखान्यात लागतो, आणि कॉलेजच्या कचेरीतही लागतो. रांगेतल्या माणसाला त्याचे गोत्र कोणी विचारत नाही, त्याच्या वडिलांचा हुद्दा विचारत नाही. पुढे किती माणसे आहेत आणि आत जागा किती आहेत, एवढे समजले की आपले भवितव्य साध्या वजाबाकीने काढता येते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला ही वजाबाकी पुष्कळशी लागू पडते. पण त्याच घरातील एखादी मुलगी जेव्हा अमेरिकेतील ॲमहर्स्ट, विल्यम्स किंवा स्वॉर्थमोर यांसारख्या कॉलेजांची माहितीपत्रके पाहू लागते, किंवा देशातल्या देशात सोनीपतच्या अशोका विद्यापीठाचा विचार करू लागते, तेव्हाही घरात प्रश्न तोच विचारला जातो. आणि येथे मात्र वजाबाकी फसते. ही कॉलेजे ज्याला लिबरल आर्ट्स म्हणतात ते शिक्षण देतात. म्हणजे एखाद्या धंद्याची तयारी करून न घेता साहित्य, गणित, इतिहास, रसायन ही सारी एका छपराखाली शिकवितात. पण वजाबाकी फसण्याचे कारण विषयांत नाही. ते प्रवेशाच्या रीतीत आहे, आणि त्या रीतीला स्वतःचा असा एक इतिहास आहे.

त्याआधी भिलईचा विश्वास अंकावरच का बसला, हे पाहिले पाहिजे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्यप्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि दुर्ग नव्या मध्यप्रदेशात राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख टन पोलादाचे उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवून भाताच्या शेतांच्या जागी सेक्टर आखले गेले, आणि त्या सेक्टरांत मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, ओडिया, मराठी अशी सर्व प्रकारची माणसे शेजारी शेजारी राहू लागली. या गावात जुना वाडा कोणाचा नव्हता. कोणाचा मामा मामलेदार नव्हता आणि कोणाचे आजोबा शाळेच्या मंडळावर नव्हते. ज्या गावात वशिल्याला मूळ धरायला जुनी माती मिळत नाही, तेथे परीक्षेतील गुण हीच एक सर्वांना समजणारी भाषा ठरते. कारखान्याने आपल्या शाळा काढल्या. पुढे आयआयटीच्या सामाईक प्रवेशपरीक्षेने देशभरच्या मुलांना एका यादीत बसविले, आणि फिटरच्या मुलाचे नाव अधिकाऱ्याच्या मुलाच्या वर छापून येऊ शकते हे भिलईने वारंवार अनुभवले. सिव्हिक सेंटरच्या परिसरात खासगी शिकवणीवर्गांच्या पाट्या लागल्या त्या याच अनुभवाच्या पायावर. २०१६ साली आयआयटीच भिलईच्या नावाने निघाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुटेलाभाठा येथे तिच्या कायम वास्तूचे उद्घाटन झाले. अंकाने या गावाला फसविलेले नाही. म्हणून अंकावाचून चालणाऱ्या दाराकडे तेथील पालक संशयाने पाहतात, यात त्यांचा दोष मानण्याचे कारण नाही.

छत्तीसगडात हा विश्वास येण्यापूर्वीची स्थिती अगदी निराळी होती. या मुलखाशी मराठ्यांचा संबंध जुना. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरातून कारभार केला. पण इंग्रजी अमदानीत उच्च शिक्षणाची सोय येथे फार उशिरा झाली. रायपूरचे छत्तीसगड कॉलेज १९३८ चे, आणि रायपूरचे विद्यापीठ १९६४ चे. त्यापूर्वी मॅट्रिक झालेल्या मुलापुढे आपली निवड होईल की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता जबलपूर किंवा नागपूर गाठण्याचा. माधवराव सप्रे यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. घरची भाषा मराठी असलेला हा मुलगा बिलासपूर-रायपूरला शिकला, पुढच्या शिक्षणासाठी जबलपूर, ग्वाल्हेर असा फिरला, आणि शेवटी कलकत्ता विद्यापीठाचा बी.ए. झाला. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगड मित्र' काढणारे आणि पुढे टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणणारे सप्रे ते हेच. त्यांच्यासारख्याला अडविणारी भिंत गुणांची नव्हती. ती अंतराची आणि पैशाची होती. आजही ती पुरती पडलेली नाही, हे पुढे दिसेलच.

मुंबईकडे मात्र परीक्षेचे दार आधीच उभे राहिले होते. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, आणि पहिली मॅट्रिक १८५९ ची. सव्वाशेहून अधिक मुले बसली आणि वीस-बावीसच पार झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले, त्यांतही हे दोघे होते. त्या काळच्या 'आर्ट्स कॉलेजा'त गणित, तत्त्वज्ञान, इतिहास आणि भाषा एकत्रच शिकविल्या जात. कला आणि शास्त्र यांची फारकत नंतरची. तेव्हा लिबरल आर्ट्स ही कल्पना मराठी माणसाला परकी आहे असे समजणे बरोबर नाही. एल्फिन्स्टनमध्ये रानड्यांनी तेच शिक्षण घेतले होते.

परंतु परीक्षेचा अंकसुद्धा वाटतो तितका निर्विकार नसतो. १८६९ साली लंडनला सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. यांपैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे यादीतून काढण्यात आली. कारण काय, तर मॅट्रिकच्या वेळी त्यांनी सांगितलेल्या वयावरून हिशेब केला असता ते कमाल वयोमर्यादेच्या, म्हणजे एकवीस वर्षांच्या, पलीकडे गेलेले दिसत होते. वस्तुतः आपल्याकडे चालू वर्ष मोजण्याची चाल आहे. सोळावे लागले की मूल सोळा वर्षांचे झाले असे आपण म्हणतो. इंग्रज ते वर्ष पुरे होईपर्यंत थांबतो. प्रकरण न्यायालयात गेले, आणि दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली. पुढे १८७८ पासून वयोमर्यादाच एकोणीसवर आणण्यात आली, तेव्हा हिंदी मुलांची आशा बुद्धीत काही फरक न पडता एका दिवसात अर्धी झाली. उमेदवार तोच, अभ्यास तोच. दाराची उंची बदलली होती. आजच्या पिढीला हेच दिल्लीत पाहावयास मिळाले. २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील काही कॉलेजांच्या काही विषयांसाठी पहिल्या यादीची मर्यादा शंभर टक्क्यांवर जाऊन टेकली, आणि पुढच्याच वर्षी बारावीच्या गुणांची ती पद्धत मोडून सामाईक प्रवेशपरीक्षा आली. अठ्ठ्याण्णव टक्के मिळविणारा विद्यार्थी एका वर्षी बाहेर राहिला, तर दुसऱ्या वर्षी त्याच्या त्या टक्क्यांना कोणी विचारले नाही.

आता अंकावाचून उघडलेल्या दाराचे एक मराठी उदाहरण. कॉलेज वैद्यकीचे होते, लिबरल आर्ट्सचे नव्हते. पण अमेरिकेतील कॉलेजात आपला प्रवेश होईल की नाही याचा अंदाज एका मराठी मुलीने कसा बांधला, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणे कठीण आहे. आनंदीबाई जोशी यांच्यासाठी त्यांचे पती गोपाळराव यांनी कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले, तेव्हा उत्तरात धर्मांतराची अपेक्षा डोकावली आणि गोष्ट तेथेच अडली. पण ते पत्र वाइल्डर यांच्या मासिकात छापले गेले होते. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरांकडे वाट पाहत बसल्या असताना ते वाचले, आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. प्रवेशाच्या इतिहासात अशा अपघातांना पुष्कळ मोठी जागा आहे. ती कोणत्याही कोष्टकात बसत नाही.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. हाती कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा नाही, शिक्षण बहुतांशी घरी झालेले. जून अखेरीस त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्ज लिहिला. प्रवेशाच्या अटी काटेकोर लावल्या तर आपण अपुऱ्या पडू याची त्यांना जाणीव होती. दुसरा कोणी ही उणीव झाकून नेण्याचा प्रयत्न करता. आनंदीबाईंनी ती झाकली नाही. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध पत्करून जो निश्चय आपल्याला येथवर घेऊन आला तोच पुढचे शिक्षणही तडीस नेईल, आणि पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत देणे हा आपला हेतू आहे, असे त्यांनी कळविले. म्हणजे त्यांनी अर्जात गुणांच्या जागी पुरावा ठेवला. सातासमुद्रांपलीकडून आलेली अठरा वर्षांची ब्राह्मण स्त्री दाराशी उभी आहे, ही गोष्टच त्या निश्चयाचा पुरावा होती. कॉलेजने प्रवेश दिला, आणि सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. त्या कॉलेजच्या अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी याच काळात जपान आणि सीरिया येथील मुलींनाही घेतले होते. कॉलेजला काय हवे होते, हे त्यावरून समजते. त्याला दूरदेशी स्त्रीवैद्य पाठवावयाचे होते. आनंदीबाईंचे कार्य आणि कॉलेजचे प्रयोजन एका रेषेत आले, म्हणून दार उघडले. त्याच अर्जाला दुसऱ्या एखाद्या कॉलेजात केराची टोपली दिसली असती, आणि तरीही आनंदीबाईंची योग्यता तिळमात्र कमी ठरली नसती.

अमेरिकेतील निवडीची ही मोकळी रीत सुरुवातीपासून उदारच होती असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. विल्यम्स कॉलेज १७९३ चे, ॲमहर्स्ट १८२१ चे. (मुंबईत १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हे विल्यम्सचेच पदवीधर, म्हणजे या नावाची आणि मराठी मुलखाची ओळख दोन शतकांची आहे.) त्या काळी ही कॉलेजे लॅटिन-ग्रीकची परीक्षा घेत आणि जो पार होई त्याला आत घेत, मुलेच फारशी येत नसत, तेव्हा निवड कसली? १९०० साली कॉलेजांनी मिळून सामाईक प्रवेशपरीक्षेचे मंडळ स्थापले. १९०१ च्या जूनमध्ये त्याच्या पहिल्या परीक्षेला ९७३ उमेदवार बसले. परीक्षा कोणालाही देता येऊ लागली आणि त्याबरोबर एक अनपेक्षित गोष्ट घडली : पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले भराभर पार होऊ लागली. हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण शतकाच्या आरंभी सात टक्क्यांच्या आसपास होते, ते १९२२ पर्यंत वीस टक्क्यांच्या वर गेले. अध्यक्ष लॉवेल यांनी त्यावर उघड मर्यादा सुचविली. ती नामंजूर झाली, पण मर्यादा वेगळ्या वाटेने आली. अर्जात फोटो मागण्यात आला. वडिलांचे नाव पूर्वी निराळे होते काय, अशी विचारणा झाली. 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', मुलाखत, शिफारसपत्र ही सारी साधने याच दशकात प्रतिष्ठित कॉलेजांत रुजली. ज्या अर्जाला आज संपूर्ण व्यक्तीचा विचार म्हणतात, त्याचा जन्म काही व्यक्तींना बाहेर ठेवण्याच्या इच्छेतून झालेला आहे. भिलईच्या पालकाला यात वशिल्याचा वास येतो, तो निराधार नाही.

तथापि हत्यार एकदा घडले की ते कोणाच्या हाती जाईल हे घडविणाऱ्याच्या स्वाधीन राहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः १९६० नंतर, याच मोकळ्या रीतीने कॉलेजांनी कृष्णवर्णीय मुलांना, खेड्यांतल्या आणि परदेशच्या मुलांना आत घेतले. सॅट ही परीक्षा १९२६ मध्ये प्रथम झाली, तेव्हा सुमारे आठ हजार मुले बसली होती. पुढे ती सर्वत्र अटळ होऊन बसली असता १९६९ साली मेन राज्यातील बोडन कॉलेजने ती ऐच्छिक केली. ॲमहर्स्टने १९७५ मध्ये प्रथम मुली घेतल्या. त्याआधीच्या दीडशे वर्षांत कितीही हुशार मुलगी असली तरी तेथे तिची आशा शून्य होती. २०२१ साली त्याच कॉलेजने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप बंद केले, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देण्यास मनाई केली. दार पुनःपुन्हा सुताराकडे जात असते.

हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे टक्केवारीचे खरे मोल कळते. या कॉलेजांत अर्जदारांपैकी दहांतल्या एकाच्या आसपास प्रवेश मिळतो, असे वाचून भिलईचा विद्यार्थी आपली आशा दहा टक्के धरतो. हे चूक आहे. ती टक्केवारी सर्व अर्जदारांची सरासरी आहे; तिच्यात कॉलेजच्या संघासाठी निवडलेला खेळाडू आहे आणि पहिल्या फेरीतच दुसरीकडे न जाण्याचे वचन देऊन बसलेला स्थानिक विद्यार्थीही आहे. एकूण दोन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांच्या कॉलेजात दरवर्षी पाचशेच्या आसपास नवे येतात, आणि त्यांतून वाद्यवृंद, प्रयोगशाळा, क्रीडासंघ, ग्रीकचा वर्ग हे सारे चालवावयाचे असते. जागा रिकामी असते ती अशी, आणि ती कोणत्या आकाराची आहे हे बाहेर कोठेही छापलेले नसते. त्यांतच पैशाचा मुद्दा येतो. बहुतेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याला घेताना तो किती मदत मागतो हे विचारात घेतात. ॲमहर्स्टने २००८ पासून आणि बोडनने २०२२ पासून परदेशी मुलांच्या बाबतीतही ते पाहणे सोडले. तेव्हा गुण तेवढेच, निबंध तोच, पण वडिलांचा पगार आड येणारे कॉलेज एक आणि न येणारे दुसरे, या दोन ठिकाणी आशा एकच कशी असेल? सप्र्यांच्या काळची ती पैशाची भिंत येथे अशी पुन्हा भेटते. अपुऱ्या पैशाच्या घराने अंदाज बांधताना प्रवेशाच्या टक्केवारीआधी हा एक नियम वाचावयास हवा.

दुसरी अडचण कागदाची. आपल्या शाळा विद्यार्थ्याबद्दल जो दाखला देतात त्यात त्याची वर्तणूक चांगली असल्याचे एका ठराविक वाक्यात लिहिलेले असते, आणि वर्गातील पन्नासही मुलांना ते एकच वाक्य मिळते. रांगेच्या जगात यात काही बिघडत नाही. तेथे दाखला लागतो तो फक्त फाईल पुरी करण्यासाठी. पण दूरच्या कॉलेजातील वाचणाऱ्याला त्या वाक्यातून काहीच दिसत नाही. भिलईत वाढलेल्या मुलाकडे सांगण्यासारखे कमी नसते. त्याच्या मजल्यावर चार भाषा बोलल्या जातात, त्याच्या घरचे जेवण पाळीच्या भोंग्यावर ठरते, आणि छत्तीसगडीत भाजी घेणारी, हिंदीत भांडणारी व मराठीत रडणारी त्याची आई हीच एक पुस्तकाची सामग्री असते. हे सारे त्याला अंगवळणी पडलेले, म्हणून सांगण्याजोगे वाटत नाही. आणि शिक्षकाला विचारावे तर त्यांनाही कोणी असे लिहावयास कधी सांगितलेले नसते. आनंदीबाईंना निदान शिफारशीची वाट पाहावी लागली नाही. त्यांनी स्वतःच लिहिले.

वेळापत्रकाची गोष्ट तर याहून रोखठोक आहे. या अमेरिकन कॉलेजांचे नेहमीच्या फेरीचे अर्ज बहुधा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोहोचावे लागतात. त्याच महिन्यात इंजिनिअरिंगच्या मुख्य प्रवेशपरीक्षेचे पहिले सत्र असते, आणि पाठोपाठ फेब्रुवारीच्या मध्याला केंद्रीय मंडळाची बारावी सुरू होते. शिकवणीवर्गाचा सराव आणि स्वतःविषयीचा निबंध एकाच टेबलावर, एकाच रात्री येतात. भिलईतील बहुतेक घरांत अशा वेळी निबंधाची वही बाजूला सरते. अमेरिकेचे निकाल मार्चअखेर लागतात. तोवर एप्रिलच्या दुसऱ्या सत्राचा अभ्यास सुरू झालेला असतो.